विकणारा आणि भाव मागणारा

मंगळवार, ४ जून २०२४. लोकसभा निवडणुकीची मतमोजणी सकाळी ८ वाजता सुरू झाली होती. सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या आडत दुकानात गादीवर थोरले काका, म्हणजे सर्वांचे अण्णा, त्यांच्या शेजारी दिवाणजी आणि आतल्या संगणकाच्या खोलीत पुतण्या, अशी रोजची मांडणी होती. हळदीचे सौदे निघायला अजून अवकाश होता. आदल्या दिवशी, सोमवारी, मतदानोत्तर चाचण्यांच्या अंदाजांवर सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी उसळला होता आणि त्या एका दिवसाच्या इंट्राडे उलाढालीत पुतण्याने ११,००० रुपये मिळवले होते. २७ वर्षांच्या, बी.कॉम. झालेल्या तरुणाचा हिशेब बिघडवायला एवढे यश पुरेसे असते.

मंगळवारी बाजार खाली उघडला. पुतण्याला ती घसरण नव्हे, स्वस्ताई वाटली. त्याने दुकानाच्या चालू खात्यातून ३ लाख रुपये आपल्या दलालाच्या खात्यात वळवले. ती रक्कम शेतकऱ्यांच्या पट्टीची होती. सौद्यात विकल्या गेलेल्या हळदीची हिशेबपट्टी लिहून शेतकऱ्याच्या हाती पैसे ठेवायचे, ही आडत्याची पहिली जबाबदारी. बाकी सारे व्यवहार त्यानंतरचे. संध्याकाळपर्यंत पैसे परत येतील, कोणाला कळणारही नाही, असा त्याचा विचार होता. वास्तविक दलालाच्या खात्यातून काढलेली रक्कम बँकेत साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचते. त्या दिवशी त्याला नफा झाला असता, तरी संध्याकाळी पट्टीचे पैसे जागेवर नसतेच. ही साधी गोष्ट रोज बँकेचे व्यवहार पाहणाऱ्या मुलाच्या ध्यानात आली नाही, यावरून मनाची घाई किती होती ते दिसते.

एका सरकारी कंपनीचे २,५०० शेअर त्याने ४०० रुपये भावाने घेतले. स्वतःचे, खरे तर शेतकऱ्यांचे, ३ लाख आणि बाकी दलालाने दिलेली इंट्राडेची सवलत, अशी १० लाखांची खरेदी झाली. भाव ३९४ वर आला की बाहेर पडायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. फक्त मनाशी. बाजाराच्या संगणकात त्याची नोंद कोठेच नव्हती.

भाव ३९४ वर आला तेव्हा तो पडद्यासमोरच बसला होता. एवढे खाली आले, आता उसळेलच, असे त्याने स्वतःला सांगितले. भाव ३८८ झाला तेव्हा पोटात खड्डा पडला आणि त्याने विकण्याची लिमिट ऑर्डर लावली: २,५०० शेअर, भाव ३८८. ऑर्डर लागली, पण सौदा झाला नाही. तेवढ्यात खरेदीदार ३८७ वर उतरले होते. त्याने ऑर्डर बदलून ३८७ केली. खरेदीदार ३८५ वर गेले. त्याने ३८५ केली. असे सात वेळा झाले. सुमारे अर्ध्या तासाने त्याचे सगळे शेअर ३७१ रुपयांना गेले, तेही एकदाचे सुटू देत म्हणून. तोटा शेअरमागे २९ रुपये, एकूण ७२,५०० रुपये, आणि वर दलाली व कर. त्या दिवशी सेन्सेक्स अखेरीस सुमारे ४,३९० अंशांनी खाली बंद झाला, आणि सरकारी कंपन्यांचे शेअर सर्वांत जास्त आपटले.

दुपारी दिवाणजींनी पट्ट्या काढण्यासाठी बँकेची शिल्लक पाहिली आणि ते न बोलता अण्णांकडे गेले. अण्णांनी पुतण्याला आत बोलावून दोन वाक्यांत सारे ऐकून घेतले. नंतर ते चपला घालून शेजारच्या आडत्याकडे गेले आणि ३ लाख रुपये हातउसने घेऊन आले. ४० वर्षांच्या व्यापारात त्यांनी प्रथमच कोणापुढे हात पसरला होता. संध्याकाळी ६ पर्यंत शेवटच्या शेतकऱ्याची पट्टी चुकती झाली.

रात्री जेवणानंतर अण्णांनी पुतण्याला समोर बसवले. ओरडण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी त्याला सातही वेळा काय केले ते कागदावर लिहायला सांगितले, वेळेसह आणि भावासह. तो कागद बराच वेळ पाहून ते म्हणाले, "अरे, तू विकायला उभा होतास, की भाव मागायला?"

"विकायलाच की, अण्णा."

"मग विकलं का नाहीस? प्रत्येक वेळी गिऱ्हाईक होतं. ते एक रुपया खाली होतं, एवढंच."

शेअर बाजारात वर्षानुवर्षे वावरणाऱ्या अनेकांना इतक्या नेमकेपणाने न सुचलेला हा प्रश्न आहे. त्याचा उगम हळदीच्या पेठेत आहे. उघड लिलावात खरेदीदार ढिगाऱ्याकडून ढिगाऱ्याकडे जातात. मंदीच्या दिवशी पहिल्या ढिगाऱ्याला जो भाव निघतो, तो पाचव्याला निघत नाही. कालचा भाव मनात धरून माल राखून ठेवणारा विक्रेता त्या दिवशी विक्रेता नसतोच. तो केवळ भाव मागत असतो. माल राखण्यात गैर काही नाही. हरिपूरच्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे राखली जात असे. पण ज्याला संध्याकाळी पैसे चुकते करायचे आहेत, त्याला राखण्याची चैन परवडत नाही, आणि इंट्राडे व्यवहार करणारा प्रत्येक जण तर व्याख्येनेच संध्याकाळच्या आत मोकळा होणारा असतो.

बाजाराच्या संगणकात प्रत्येक शेअरच्या दोन रांगा असतात. एक खरेदीदारांची, तिच्यात सर्वांत जास्त भाव देणारा पुढे उभा असतो. दुसरी विक्रेत्यांची, तिच्यात सर्वांत कमी भाव मागणारा पुढे. भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो आधी. लिमिट ऑर्डर म्हणजे 'या भावाला किंवा याहून चांगल्या भावाला', आणि मार्केट ऑर्डर म्हणजे 'जो असेल त्या भावाला, पण आत्ता'. खरेदीदार ३८७ वर असताना ३८८ ला विकण्याची लिमिट ऑर्डर लावणारा मनुष्य विक्रेत्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि कोणी वर येऊन आपला माल घेईल याची वाट पाहतो. भाव चढत असेल तर कोणी येतेही. भाव पडत असेल तर त्याच्या पुढे आणखी कमी मागणारे विक्रेते येऊन उभे राहतात आणि तो क्षणाक्षणाला रांगेत मागे ढकलला जातो. ऑर्डर बदलून तो पुन्हा पुढे येतो, तोवर रांग आणखी खाली सरकलेली असते. पुतण्याच्या सात ऑर्डरींचा इतिहास एवढाच आहे.

त्याने मार्केट ऑर्डर का टाकली नाही? त्याचे उत्तर प्रामाणिक होते: "कुठल्याही भावाला जाईल अशी भीती वाटली." ही भीती अगदीच निराधार नाही. दलालाच्या पडद्यावर खरेदीदारांचे पहिले पाच भाव आणि त्या त्या भावाला हवे असलेले शेअर दिसतात. समजा, त्या वेळी ३८८ रुपयांना ३०० शेअरचे गिऱ्हाईक आहे, ३८७.५० ला ४५०, ३८७ ला २००, ३८६.२० ला ९०० आणि ३८५ ला ६५० वा अधिक. २,५०० शेअरची मार्केट ऑर्डर या पाचही पायऱ्या उतरत जाईल आणि सरासरी भाव साधारण ३८६.४० पडेल. म्हणजे पडद्यावर ठळक दिसणाऱ्या ३८८ पेक्षा शेअरमागे १.६० रुपये कमी. एकूण सुमारे ४,००० रुपये. या ४,००० ना घाईची किंमत म्हणावे. ही किंमत दिली असती तर त्याचा एकूण तोटा ३४,००० रुपयांवर थांबला असता. ती न देण्यासाठी त्याने आणखी ३८,५०० रुपये मोजले. आणि मनात ठरवल्याप्रमाणे ३९४ लाच उठला असता, तर १५,००० आणि थोडी घाईची किंमत एवढ्यावर भागले असते.

तरीही मार्केट ऑर्डर हे आंधळे हत्यार आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्या शेअरची उलाढाल थोडी, त्याच्या खरेदीदारांच्या रांगेत पायऱ्यांऐवजी खड्डे असतात. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सकाळी राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलाली संस्थेकडून चुकीच्या ऑर्डरी गेल्या, सुमारे ६५० कोटी रुपयांच्या, आणि काही क्षणांत निफ्टी १५ टक्क्यांच्या आसपास कोसळला. कंपन्यांबाबत कोणतीही वाईट बातमी नव्हती. खरेदीदारांची रांग संपेपर्यंत विक्री होत राहिली, एवढेच. नंतर भाव सावरले. पण त्या क्षणी ज्याची मार्केट ऑर्डर रांगेत शिरली असेल, त्याला तळातला भाव मिळाला असणार.

या दोहोंच्या मधला मार्ग फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि ठाऊक असलेल्यांपैकी अनेकांचा त्यावर विश्वास बसत नाही. तो असा: खरेदीदार ३८८ वर असताना विकण्याची लिमिट ऑर्डर ३८५ ची लावायची. पुतण्याचा पहिला आक्षेप तोच होता, जो प्रत्येक नवख्याचा असतो. "३८५ लावली तर ३८५ लाच जाईल ना? वरचे ३ रुपये फुकट का घालवायचे?" तसे होत नाही. ३८५ ची लिमिट म्हणजे ३८५ पेक्षा कमी नको, जास्त मिळाले तर हवेच. बाजाराचा संगणक वरच्या पायरीपासूनच सौदे जुळवत येतो: आधी ३८८ चे ३००, मग ३८७.५० चे ४५०, आणि असेच खाली. वरच्या उदाहरणात ही ऑर्डर आणि मार्केट ऑर्डर यांचा निकाल अगदी एकच लागतो. फरक पडतो तो रांग अचानक रिकामी झाली तर. मार्केट ऑर्डर खड्ड्यात उतरते. ही ऑर्डर ३८५ च्या काठावर थांबते. खात्री पटावी म्हणून पुतण्याने दुसऱ्या दिवशी एका जड उलाढालीच्या शेअरचा एकच नग घेऊन तो चार रुपये खालच्या लिमिटने विकून पाहिला. पडद्यावरचा वरचा भाव मिळाला. त्या एका शेअरच्या दलालीएवढे स्वस्त शिक्षण क्वचितच मिळते.

या ऑर्डरला आणखी एक जोड देता येते. ऑर्डरची मुदत साधारणतः दिवसभराची असते. तिच्याऐवजी 'तत्काळ किंवा रद्द', म्हणजे दलालांच्या भाषेत आयओसी, निवडले तर त्या क्षणी जेवढे शेअर जातील तेवढे जातात आणि उरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते. मोठी संख्या असेल तेव्हा उरलेल्या शेअरचे काय करायचे, हे लगेच नव्याने ठरवता येते. जुनी ऑर्डर शोधून ती बदलत बसण्याचे काही सेकंद वाचतात.

पण हे सारे हाताने करायचे उपाय आहेत, आणि पडत्या भावात हात थरथरतो. म्हणून स्टॉप-लॉस ऑर्डर आहे. तिच्यात दोन भाव द्यावे लागतात. एक ट्रिगर भाव: शेअरचा सौदा या भावाला झाला की ऑर्डर जागी होते. दुसरा लिमिट भाव: जागी झाल्यावर ती या भावाच्या खाली विकणार नाही. तोवर ती खरेदी-विक्रीच्या रांगेत नसतेच, वेगळ्या नोंदीत झोपलेली असते. ४०० ला घेतलेल्या शेअरचा ट्रिगर ३९४ ठेवला तर लिमिट किती ठेवावी? बहुतेक जण ३९४ किंवा फार तर ३९३.९० ठेवतात, आणि येथेच फसतात. ३९४ वर ऑर्डर जागी होऊन रांगेत येईपर्यंत खरेदीदार ३९२ वर गेले, तर स्टॉप-लॉस लावूनही मनुष्य पुतण्याच्याच जागी उभा राहतो: भाव मागत. लिमिट ट्रिगरपेक्षा पुरेशी खाली हवी, त्या शेअरच्या नेहमीच्या चढउताराप्रमाणे दोन, तीन, चार रुपये. ते अंतर म्हणजे तोटा नव्हे. ती फक्त सवलत आहे, जी बाजाराने घेतलीच पाहिजे असे नाही.

लिमिटशिवायची, थेट मार्केट ऑर्डर होणारी स्टॉप-लॉस ऑर्डरही असते. सुटण्याची खात्री तिच्यात जास्त, भावाची खात्री शून्य. एखाद्या क्षणी चुकीच्या भावाला एखादा सौदा होतो, त्याने झोपलेल्या ऑर्डरी एकदम जाग्या होतात आणि एकमेकींना खाली ढकलत नेतात, असे प्रकार घडू लागले. म्हणून राष्ट्रीय शेअर बाजाराने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शन्समध्ये ही सोय बंद केली आणि मुंबई शेअर बाजाराने ऑक्टोबर २०२३ पासून ती आपल्याकडे बंद केली. ज्या बाजारात आपण व्यवहार करतो तेथे काय उपलब्ध आहे, हे खरेदीपूर्वी पाहून ठेवावे. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो.

अण्णांनी आणखी एक गोष्ट विचारली, जी वरकरणी भाबडी होती. "ही झोपलेली ऑर्डर आहे, आणि तू मधेच हाताने विकलंस, तर तिचं काय होतं?" पुतण्या गप्प झाला. कारण तीन महिन्यांपूर्वी त्याचे तेच झाले होते आणि त्याने घरी सांगितले नव्हते. स्टॉप-लॉस लावलेला असताना त्याने घाबरून वेगळ्या ऑर्डरने शेअर विकले. जुनी ऑर्डर तशीच राहिली. तासाभराने भाव आणखी पडला, ती जागी झाली आणि हाती नसलेले शेअर तिने विकले. पडत्या शेअरमधून सुटलेला मनुष्य नकळत मंदीवाला झाला, आणि मग भाव चढू लागला. आगीतून फुफाट्यात, ते असे. त्यावर उपाय सोपा आहे. सुटायचे असेल तेव्हा नवी ऑर्डर टाकायची नाही. तीच झोपलेली ऑर्डर उघडून तिला मार्केट किंवा खालच्या लिमिटची करायची. एकच ऑर्डर, एकदाच विक्री.

मोबाइल अडकला, चक्र फिरत राहिले, तर पुन्हा बटण दाबण्यापूर्वी ऑर्डर बुक पाहणे हाही याच शिस्तीचा भाग. पहिली ऑर्डर पोहोचलेली असते, फक्त उत्तर आलेले नसते. दलालाच्या फोनवरून ऑर्डर देण्याचा क्रमांक कागदावर लिहून समोर चिकटवलेला असावा. त्याला वेगळा आकार पडतो, पण तो लहान असतो.

दुपारी सव्वातीनच्या सुमाराला दलाल उरलेले इंट्राडे व्यवहार स्वतःच मोडू लागतात आणि बहुधा त्याचा आकारही लावतात. तोट्याने मार्जिन खाऊन टाकले, तर त्याआधीही मोडतात. दुसऱ्याच्या हाताने होणारी ही विक्री कोणत्या भावाला होईल, यावर ग्राहकाचा काहीही ताबा नसतो. कर्ज थकल्यावर तारण विकायला काढणाऱ्या संस्थेकडून चांगल्या भावाची अपेक्षा कोणी करत नाही, तसेच हे.

एवढे सगळे नीट शिकूनही काही पडझडींना दार नसते, ही गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातील अफरातफरीची कबुली दिली, आणि आदल्या दिवशी सुमारे १७९ रुपयांवर असलेला शेअर त्या दिवशी सुमारे ४० रुपयांवर बंद झाला. अशा कोसळण्यात ट्रिगर आणि लिमिट यांत चार-पाच रुपयांचे अंतर ठेवलेली ऑर्डर मागे राहून जाण्याचीच शक्यता मोठी. ज्या शेअरना दैनंदिन भावमर्यादा आहे, ते लोअर सर्किटला जाऊन थांबतात. तेथे विक्रेत्यांची रांग असते आणि खरेदीदारांच्या रांगेत कोणीही नसते. मार्केट ऑर्डर असो वा स्टॉप-लॉस, समोर गिऱ्हाईकच नसेल तर सौदा कोणाशी होणार? मग इंट्राडेसाठी घेतलेले शेअर घरी आणावे लागतात आणि त्यांचे पूर्ण पैसे भरावे लागतात. १० लाखांची खरेदी ३ लाखांवर करणाऱ्याला उरलेले ७ लाख दुसऱ्या दिवशी कोठून आणणार, असे बाजार विचारत नाही. २३ मार्च २०२० रोजी तर निर्देशांक १० टक्के पडल्याने सारा बाजारच ४५ मिनिटे बंद ठेवावा लागला. त्यानंतर तो पुन्हा पडला आणि सेन्सेक्स सुमारे ३,९३५ अंशांनी खाली बंद झाला.

म्हणूनच पुतण्याने वहीत सगळ्या ऑर्डरींचे प्रकार लिहून अण्णांपुढे ठेवले, तेव्हा अण्णांनी वही परत केली. "यात नग किती, ते लिहिलेलं नाही." हळदीच्या व्यापारात तेजी-मंदीचा अंदाज चुकतो, हे ते गृहीतच धरतात, किती पोती अंगावर घ्यायची, हे मात्र ते कधी चुकू देत नाहीत. दोघांनी मिळून उलटा हिशेब केला. एका दिवसात किती गेले तरी घरात कोणाला सांगण्याची वेळ येणार नाही? पुतण्याने १,००० म्हटले. खरेदीभाव आणि ट्रिगर यांत ६ रुपयांचे अंतर, म्हणजे सुमारे १६६ शेअर. घाईची किंमत आणि एखादी अनपेक्षित उडी यांसाठी हातचे राखून १०० शेअर. २,५०० कोठे आणि १०० कोठे! एवढ्या छोट्या व्यवहारात मिळणार काय, असे त्याच्या तोंडावर आले होते. त्याने ते गिळले.

मिळणार काय, हा प्रश्न रास्तच आहे. जुलै २०२४ मध्ये सेबीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ या वर्षात रोखीच्या बाजारात इंट्राडे करणाऱ्या दर १० जणांपैकी ७ जणांना तोटा झाला. त्या वर्षी असे व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतील तरुण जवळजवळ निम्मे होते. चार वर्षांपूर्वीच्या तुलनेत ते प्रमाण दुपटीहून अधिक. व्यापारी घरातील मुले ज्या वयात गादीवर बसायला शिकत, त्या वयात ती आता आतल्या खोलीत पडद्यासमोर बसतात, एवढाच या आकड्यांचा सांगलीपुरता अर्थ. शिवाय करखात्याच्या दृष्टीने इंट्राडे हा सट्टा व्यवसाय आहे. त्याचा तोटा आडतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरले तर चार वर्षे पुढे ओढता येतो. दिवाणजींनी ते ७२,५०० रुपये वेगळ्या खात्यावर टाकले, तेव्हा पुतण्याला ते आकडे प्रथमच स्वच्छ दिसले. दुकानाच्या खर्चात ते लपवता येणार नव्हते.

अण्णांनी त्याला इंट्राडे बंद करायला सांगितले नाही. घरातील काहींना हे आवडले नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असेही नाही. अण्णांनी दोनच अटी घातल्या. दुकानाच्या खात्याला हात लावायचा नाही, आणि खरेदीची ऑर्डर लागताच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, स्टॉप-लॉस लावायचा. तो वर सरकवायला हरकत नाही, खाली सरकवायचा नाही. दुसरी अट पाळणे पहिलीहून अवघड गेले. पहिल्या महिन्यात त्याने दोनदा ट्रिगर खाली ओढला, आणि दोन्ही वेळा संध्याकाळी येऊन ते सांगितलेही. शेजाऱ्याचे हातउसने ३ लाख तेव्हा फिटलेले होते. पुतण्याच्या पगारातून ७२,५०० ची वळती दरमहा चालू होती.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी सौदे आटोपले होते. पुतण्या आतल्या खोलीतून बाहेर आला आणि पाण्याचा तांब्या घेऊन गादीच्या कडेला टेकला. अण्णांनी लेखणी न थांबवता विचारले, "किती?"

"सहाशे चाळीस गेले."

"चाळीस कशाचे?"

"घाईचे," पुतण्या म्हणाला. अण्णांनी मान हलवली, आणि पुढच्या शेतकऱ्याची पट्टी ओढून घेतली.